वाट सत्तर मैलांची

"ज्योतिबा चोर न्हाय, आप्पा. पण पत्र कुठनं आणू?" ब्राह्मी म्हणाली.

बेळगावच्या परशरामआप्पांनी तीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली होती. आता ते लोकांच्या हरवलेल्या गोष्टी शोधत. सोबतीला शामू, कीर्तनातला टाळकरी. त्याचा ताल कधी चुकत नसे; तर्क हमखास चुके.

ते १९४६ साल. मिरजेला नर्सिंग शिकायला ब्राह्मीची निवड झाली होती. सोमवारी पत्र दाखवलं नाही, तर जागा दुसरीला जाणार होती. काल पाच ते सहा ती वहिनीबरोबर जैन बस्तीत दर्शनाला गेली, तेवढ्यात पत्र ठेवलेली चांदीची डबी नाहीशी झाली. घरी एकटा गडी, ज्योतिबा, तोही मागच्या परसात. पोलिसांनी त्यालाच चौकीवर नेलं.

आप्पांनी हमी देऊन त्याला सोडवलं.

"मी डबी घिऊन काय करू?" तो म्हणाला. "माझी तंबाकू चंचीतच बरी."

ब्राह्मीनं शिकायला जाणं थोरला भाऊ रायगोंडा याला पसंत नव्हतं. पण काल पावणेचारला तो व्यापाराच्या कामानं कोल्हापुरात होता. दोन व्यापाऱ्यांनी तशी तार केली. चारला मोटारीनं निघालो, साडेआठला बेळगावजवळच्या कंग्राळीत आत्याकडे उतरलो, असं तो म्हणाला.

"कोल्हापूर लई लांब पडतं न्हवं?" आप्पांनी विचारलं.

"साठ मैल. त्यात काय?"

कंग्राळीच्या वाटेवर शामू हसत होता. "सत्तर हैत, आप्पा. कीर्तनाला कोल्हापूरला जाताना निपाणीवरनं गाडीत बसून दगड मोजलेत मी. व्यापारी असून मोजता येत न्हाय."

सांबऱ्याच्या मैदानाकडून एक लहान विमान डोक्यावरून गेलं. लढाईत केलेल्या त्या मैदानावर आता कोल्हापूरच्या हौशी लोकांची विमानं उतरत. शामूनं हात जोडले. "चाळीस मिंटांत कोल्हापूर, म्हणं. गरुडावर बसल्यागत."

कांताआत्याकडे पोचेपर्यंत दिवे लागले होते. तिनं घोंगडं अंथरलं, पण चहाचं नाव घेऊ नका म्हणाली. "दिवस मावळला की आमची चूल गार. पाव्हणा असू दे न्हाय तर पोटचं लेकरू." काल रायगोंडा मात्र तव्यावरची गरम भाकरी पोटभर जेवला होता, असं तीच म्हणाली. किती वाजता, विचारल्यावर ती समईकडे बघत राहिली. "वेळ त्यालाच इचारा."

सकाळी सगळे ब्राह्मीच्या सोप्यात बसले. आप्पांनी नकाशावर पट्टी ठेवली.

"रस्त्यानं सत्तर मैल, सरळ रेघेत साठ. साठ म्हणणारा आभाळातनं आलेला असतो. साडेआठला पोचला असतास, तर आत्यानं चूल पेटवली नसती. आणि खोटं बोलायचं असूनही तू दिवस मावळायच्या आत जेवलास, रायगोंडा. व्रत मोडवलं न्हाय तुला. चारला विमान, पावणेपाचला सांबरा, सवापाचला हे घर, सहाला कंग्राळी. बिचारी आत्या खोटं बोलली न्हाय, फक्त गप्प बसली."

रायगोंडानं कोटातून डबी काढली. पत्र घडीसकट तसंच होतं.

"फाडाय घेतलं. फाडवंना," तो म्हणाला. "आई गेल्यावर हिची वेणी मी घातलीया, आप्पा. ही बी गेली तर..."

"मी शिकाय निघालेय, अण्णा," ब्राह्मी म्हणाली. "तुम्हाला सोडून न्हाय."

रायगोंडा उठला. मग अंगणात गेला आणि सगळ्यांदेखत ज्योतिबाचे दोन्ही हात धरले.

"हात कशापायी धरता, धनी," ज्योतिबा अवघडून म्हणाला. "ताईंची ट्रंक माळ्यावर हाय. ती कोण उतरवणार?"

रायगोंडानं कोट काढला आणि शिडी लावली.