ओलं फाटक

सुनेत्राच्या वडिलांचा सांगलीला लोखंडी कपाटांचा कारखाना होता, त्यामुळे कुठल्याच रंगाऱ्याचं काम तिच्या पसंतीस उतरायचं नाही. गंजावरच रंग फासतात मेले, म्हणायची. म्हणून चंदीगडच्या प्राध्यापकांच्या वसाहतीत त्या दिवशी तिने घराचं फाटक स्वतःच घासायला घेतलं. खरं तर तिला हात गुंतवायला काहीतरी हवं होतं. नवरा, श्रीनिवास, परवा परीक्षा घ्यायला जालंधरला गेला होता, आज शेवटच्या बसने परतणार होता. सत्याऐंशी सालच्या त्या पावसाळ्यात अतिरेकी बस अडवून प्रवाशांना गोळ्या घालत होते; पंजाबातल्या बसमध्ये बसलेलं माणूस घरी पोचेपर्यंत कुणाच्या जिवात जीव नसायचा.

पॉलिश पेपरने पत्रा लख्ख झाला. तिने तो थिनरच्या फडक्याने पुसून घेतला. घासलेल्या पत्र्याला उघडा हात लावायचा नाही, हा वडिलांचा दंडक. घामाचा ठसा गंज होऊन वर येतो. तिने हातमोजे घातले होते. प्रायमर मारण्याआधी दोन घास खायला ती आत गेली.

परत आली तर पत्र्यावर तांबूस पंजा उमटला होता. डावा.

दूधवाल्याने हात लावला असणार, म्हणून ती चरफडली. मग वाकून नीट पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. श्रीनिवासचं ते बोट लहानपणी उसाच्या चरकात गेलं होतं. उजव्या हातात बॅग आणि डाव्या पंज्याने फाटक ढकलायचं, ही त्याची रोजची सवय. जुनाच ठसा खाली राहिला असेल, तिने मनाची समजूत घातली. पण पत्रा तर तिने स्वतःच्या हाताने कोरा केला होता. तिने तो पुन्हा घासला, पंजा पार निघून जाईपर्यंत.

शेजारच्या सरोजजी कुंपणापाशी आल्या.

"भाईसाहब आ गए?"

"नहीं जी. आख़िरी बस से आएँगे."

सरोजजी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "दोपहरवाली तो नहीं पकड़ी न? सुना है, रास्ते में रोक ली."

"नहीं. आख़िरीवाली. पक्का."

ती वळली. पंजा परत आला होता. या वेळी बोटं खाली ओढली गेली होती, हात घसरत गेल्यासारखी.

 सुनेत्रा या वेळी घासत बसली नाही. तिने रेड ऑक्साइडचा, लाल प्रायमरचा डबा उघडला आणि भराभर ब्रश मारत सुटली.

दिवेलागणीला श्रीनिवास आला. उजव्या हातात बॅग.

"अहो, थांबा, ओलं आहे!"

तोवर त्याने डाव्या पंज्याने फाटक ढकललं होतं. तिला रडूच फुटलं.

"लवकर कसे आलात?"

"काम आटपलं. दुपारची बस मिळाली."

"ती अडवली होती म्हणे?"

"हो," तो म्हणाला. "पाणी दे."

ती रॉकेलचं फडकं घेऊन आली आणि रंग पुसायला त्याचा डावा हात ओढला. पंजा स्वच्छ होता.

ती बाहेर धावली. ब्रशचे फराटे सलग होते, कुठेही मोडलेले नव्हते.

रंग वाळला असेल एव्हाना. तिने बोट टेकवून पाहिलं. बोट लाल झालं.

अख्ख्या फाटकावर तेवढाच एक ठसा होता.