मागच्या सीटवरचे हात

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या. हिरामणला तुमच्या टाळ्या नकोत. टाळ्या कशावर वाजतात, ते त्याने त्या दिवशी पाहिलंय.

गेल्या वर्षीचा एप्रिल. रोह्यातल्या एका केमिकल कंपनीचं पटांगण. आणि रात्र वगैरे काही नव्हती...

टळटळीत दुपार होती.

हिरामण पेणचा. कंपनीच्या फायर टीमचा म्होरक्या. चेपलेल्या गाडीत अडकलेला माणूस बाहेर काढायचा, हे त्याचं काम. त्यासाठी पत्रा फाकवणारा जबडा आणि गाडीच्या छपराचे खांब तोडणारा कटर, दोन्ही तेलाच्या दाबावर चालणारे, पंपाला जोडलेले.

फायर सप्ताह होता. म्हणजे अवजारांना वर्षभर धूळ खाऊ द्यायची आणि एक दिवस हार घालून मिरवायचं. मिरवणारे सेफ्टी मॅनेजर साहिल सर. कडक इस्त्री, कोरं हेल्मेट, आणि जबडा कुठून धरतात याचा पत्ता नाही. वडखळच्या भंगारवाल्याकडून एक ठोकलेली गाडी आणली होती. जखमी म्हणून ड्रायव्हरच्या सीटवर सखाला बसवलं. तो कंत्राटी कामगार, नाही म्हणायची सोय नव्हती. काचा उडतात म्हणून त्याच्या डोक्यावरून चादर घातली.

या कामाचा एक नियम आहे. एक जण मागच्या सीटवर बसून जखमीची मान दोन्ही हातांनी धरतो. एकदा धरली की दुसऱ्याचे हात येईपर्यंत सोडत नाही.

हिरामणने टीममधल्या जगनला मागे बसवलं.

"त्याला उतरवा," साहिल सर ओरडले. "फोटोत मध्ये येतोय."

"सर, मान कोण धरणार?"

"अरे, तो काय खरा जखमी आहे?"

हिरामणने मनात एक सणसणीत शिवी हासडली. जगन उतरला.

पंप धडधडू लागला. खांब तुटले, छप्पर उलटलं. आता गाडी सगळी उघडी. मागची सीट रिकामी, अख्ख्या कंपनीला दिसत होती.

तेवढ्यात हिरामणचं लक्ष चादरीकडे गेलं...

सखाच्या दोन्ही कानांजवळ ती आत दबली होती.

कुणीतरी तळवे टेकवल्यासारखी.

वारा म्हणावा, तर पताका नुसत्या लोंबत होत्या.

त्याने पंप बंद करायला लावला. एकदम शांतता. आणि चादरीखालून सखाचा आवाज आला...

"नाय हलवत मान, ताई."

मग टाळ्याच टाळ्या. साहिल सरांनी सखाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढले.

"दादा, मागं बाई कोण बसलेली?" सखाने नंतर विचारलं. "हात लय गार. पन मायेनं धरलेलं."

"कोण नव्हतं रे."

सखा हसला नाही. "मी उतरलो तरी सोडलं नाय तिनं."

त्या दिवसापासून सखाची मान वळेना. पेणच्या डॉक्टरने एक्सरे काढला, काही नाही. ठेकेदाराने त्याच्या जागी दुसरा घेतला. साहिल सर म्हणाले, "नाटकं आहेत." नाटकातलं त्यांना कळतंच म्हणा.

हिरामणने वडखळ गाठलं. भंगारवाला पोपट आधी टाळत होता, मग बोलला.

"कोलाडजवळची गाडी ती. नवरा चालवत होता, बायको मागं. लोकांनी तिला सांगितलं, मान धरून ठेव, मदत येतेय. मदत यायला लय उशीर झाला. धरूनच गेली ती."

"आणि नवरा?"

"तो आधीच गेलेला." पोपटने मान खाली घातली. "तिला कोणी सांगितलंच नाय."

हिरामण तिथून थेट सखाच्या घरी गेला. सखाची बायको सगुणा दारातच होती. रडून डोळे सुजलेले. "झोपत नायत, दादा. कुणाशी तरी बोलत बसतात. असंच राहिलं तर पोरांना काय घालू?"

सखा खाटेवर ताठ बसला होता. "एकच इचारते, दादा... 'हे वाचले का?'"

हिरामण मागे जाऊन बसला. सखाच्या कानांवर दोन्ही तळवे ठेवले. कान गार... विहिरीतल्या पाण्यासारखे गार.

"ताई, सोडा आता. मी धरलंय."

काही झालं नाही.

"परत इचारते," सखा पुटपुटला.

हिरामणने तळवे तसेच ठेवले. जन्मभर त्याने खोट्याला शिव्या घातल्या होत्या.

"वाचले, ताई," तो म्हणाला. "घरी गेले."

आणि त्याच्या तळव्यांखालून काहीतरी हळूच निसटलं...

सखाने मान वळवली. सगुणाकडे बघून तो रडायलाच लागला.

सखा आता कामावर जातो. तो फोटो कंपनीच्या गेटवर मोठा करून लावलाय. साहिल सर हसतायत, मागची सीट स्वच्छ रिकामी दिसतेय.

हिरामण मात्र कोलाडच्या रस्त्याने जात नाही. ती घरी गेली असेल. नवरा तिथे नाही, हे तिला आता कळलं असेल.

आणि तिला कोणी फसवलं, हेही.