आरसा भरेपर्यंत

गुरुवारी दुपारी जेवण उरकून तो हॉस्पिटलच्या तळमजल्यावर उतरला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक नवी कोरी डिस्क, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक चिठ्ठी होती. चिठ्ठीवर बिघडलेल्या डिस्कचा सीरियल नंबर. तो त्याने घरून निघताना दोनदा आणि जिन्यात एकदा वाचला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं.

हॉस्पिटलात त्याला सगळे सर्व्हरदादा म्हणत. वय पन्नाशीला टेकलेलं, बोलणं मोजकं, कामात चोख असा लौकिक. त्या लौकिकाला एक भोक होतं, आणि ते त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

तळमजल्याच्या टोकाला आवाजाची खोली होती. घशाच्या ऑपरेशननंतर ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशी माणसं आधी इथे येऊन बसत आणि आपला आवाज मागे ठेवून जात. कुणी मुलांना हाका मारून ठेवी, कुणी जुनं भांडण मिटवी, कुणी नुसतं हसून दाखवी. हे सारं रेकॉर्ड करून घेणाऱ्या बाईंचं नाव पेशंटांनी आवाजबाई पाडलं होतं. आवाज कोपऱ्यातल्या सर्व्हरवर जमा होत. त्यात दोन डिस्क, एकमेकींचा आरसा. एकीवर उमटलं की दुसरीवर आपोआप उमटायचं. एक बिघडली तर ती काढायची, नवी लावायची आणि शाबूत डिस्कवरचं सगळं नवीवर उतरू द्यायचं. चुकायला जागा एकच, बिघडलेली कुठली आणि शाबूत कुठली हे नीट बघायचं.

सात वर्षांपूर्वी त्याने ते नीट बघितलं नव्हतं. घाईघाईत शाबूत डिस्क उपसली, बिघडलेली समजून पुसून टाकली. जी खरोखर आचके देत होती, तिने संध्याकाळी मान टाकली. एक्केचाळीस माणसांचे आवाज गेले.

"दोन्ही एकदमच गेल्या, बाई. नशीब," त्याने सांगितलं होतं, आणि बाईंनी विश्वास ठेवला होता.

पुढच्याच आठवड्यात एक गृहस्थ दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आला. त्याची बायको बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायची. गावाला तिचा आवाज पाठ, चेहरा मात्र कुणी पाहिलेला नाही. ती जाऊन पंधरा दिवस झाले होते. बाई दारात दोघांना समजावत होत्या आणि हा सर्व्हरच्या मागे उगाचच वायर हातात धरून उभा होता. मुलगी रडली नाही. "मग आईने मला काय सांगितलं होतं?" एवढंच तिने विचारलं.

आज मात्र त्याने सगळं रीतसर केलं. बिघडलेली डिस्क कमांड देऊन बाद केली, नंबर चिठ्ठीशी ताडला, मग हळूच बाहेर ओढली. नवी आत सरकवली, जोडीत सामील केली. पडद्यावर आकडा चालू लागला. एक टक्का. दोन. वेळ चार तासांचा दाखवत होता. खोलीत पंख्याची घरघर आणि गरम झालेल्या धुळीचा वास. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणीतरी चाकाची खुर्ची ढकलत नेत होतं. नेहमीसारखी दुपार.

"दादा," बाई आपल्या टेबलावरून म्हणाल्या, "ही यादी एवढी मोठी कशी झाली हो?"

तो उठून बघायला गेला. शेवटच्या फाइलींच्या खाली आणखी फाइली होत्या. तारखा सात-आठ वर्षांपूर्वीच्या. बाईंचं बोट एकेका नावावरून सरकत होतं आणि त्या पुटपुटत होत्या, "हे सुतारकाम करायचे... ही दोघी बहिणींतली थोरली... ही बस स्टँडवाली..."

"शक्य नाही," तो म्हणाला. "त्या डिस्क कधीच भंगारात गेल्या."

बाईंनी हेडफोन त्याच्या हातात दिला.

आधी नुसती खरखर. मग कुणीतरी खाकरलं. मग तो आवाज, स्वच्छ, ठाशीव, फलाटाच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा.

"ऐकतेस ना, चिमणे?"

थोडा वेळ काहीच नाही. पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता. कुणी कान देऊन ऐकावं तसा.

"नाही... तू नाहीस. कोण आहे तिथे?"

त्याने हेडफोन कानावरून ओरबाडून काढला. बाईंनी तो उचलून स्वतःच्या कानाला लावला, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे मी रेकॉर्ड केलेलं नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मी हजर होते त्या दिवशी. ती असं बोललीच नव्हती."

मग त्याच्याच्याने राहवलं नाही. उभ्याउभ्या त्याने सगळं सांगून टाकलं. कुठली डिस्क काढली, कशी पुसली, काय खोटं बोलला. बाईंनी हेडफोन टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "सात वर्षं मी त्या माणसांना नशीब म्हणून सांगत आले, दादा. माझ्या तोंडाने."

त्यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं.

त्याने फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून बघितली. उतरली, पण आत नुसती खरखर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पडद्यावरचा आकडा तिसावर पोचला होता.

"भरणं सुरू झालं तेव्हाच हे आवाज आलेत," बाई म्हणाल्या. "भरून संपल्यावर राहतील असं कुणी सांगावं? थांबवता नाही का येणार?"

"थांबवलं तर हल्लीच्या सगळ्या पेशंटांचे आवाज एकाच जुन्या डिस्कवर राहतील. तीही गेली तर..."

"मग थांबवू नका. हळू करा."

ते त्याला येत होतं. त्याने वेगाची मर्यादा खाली ओढली. आकडा मुंगीच्या पावलांनी चालू लागला. मग नोंदवहीतून त्या गृहस्थाचा नंबर काढून त्याने फोन लावला. काय, कसं सांगायचं हे ठरवायलाही वेळ नव्हता. "तुमच्या मंडळींचा आवाज मी घालवला होता," तो म्हणाला. "नशिबाने नाही. मी. आज तो... सापडलाय. मुलीला लगेच पाठवा."

पलीकडून एवढंच आलं, "कॉलेजात आहे ती. पाठवतो."

ती आली तेव्हा आकडा बत्तिसावर होता. सतरा वर्षांची, धावत आल्याने धापा टाकणारी. त्याने काही बोलायच्या आत तिने हेडफोन उचलला आणि आतल्या रेकॉर्डिंगच्या छोट्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

दोघं बाहेर उभे राहिले. मग मुलीचा आवाज आला.

"हो... हो गं... नाही, बाबा आता बरे आहेत." बराच वेळ काही नाही. मग हसू. मग, "मला पण."

बाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटून घेतले.

दार उघडलं तेव्हा मुलीचे डोळे लाल होते, पण चेहरा शांत. यादीतून एक नाव नाहीसं झालं होतं. उरली चाळीस. तिने हेडफोन त्याच्यापुढे धरला.

"काका, आईचं झालं. ती म्हणाली, आता तुम्ही आत या. बाकीचे थांबलेत."

या गोष्टीला आता दहा महिने होत आले. त्याने वेगाची मर्यादा कधीच काढून टाकली, तरी आकडा नव्व्याण्णव पूर्णांक नऊवर अडलेला आहे आणि नव्या डिस्कचा दिवा लुकलुकतो आहे. मुलगी पुन्हा आली नाही. तो मात्र दर गुरुवारी येतो, एका माणसाच्या घरी फोन लावतो, खरं काय ते सांगतो, कुणी आलं तर दार उघडून देतो. पुष्कळजण शिव्या देतात, त्या तो ऐकून घेतो. जे येत नाहीत, त्यांच्या वाट्याचं तो स्वतः आत बसून ऐकतो. काय ऐकतो ते त्याने बाईंनाही सांगितलेलं नाही. बाहेर येतो तेव्हा एक नाव कमी झालेलं असतं.

गेल्या गुरुवारी यादीत एकच फाइल उरली. तिला नाव नाही, तारीख मात्र त्याने डिस्क पुसली त्या दिवशीची. बाईंनी नोंदवही पानन्‌पान चाळली, पण त्या तारखेला कुणी पेशंट आलाच नव्हता.

पहिल्या आठवड्यात ती फाइल चार मिनिटांची होती. आता ती सहा तासांची झाली आहे, आणि रोज वाढते आहे.