गाडीला खांदा नसतो

मी रोज सकाळी पारसच्या दुकानात जाऊन बसतो, कारण घरी बसलं की भाजी निवडावी लागते. दुकान जुन्या जालन्यात, कापडाच्या गल्लीत आहे. त्याच्या आजोबांनी तिथं धोतरं विकली, वडिलांनी साड्या विकल्या, आणि पारस बॅटरीवर चालणाऱ्या मालवाहू तीनचाकी गाड्या विकतो. पाटी बदलली, गादी तीच आहे. मी वीज मंडळातून रिटायर झालो. नोकरीभर मीटर तपासले. लोकांचा माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून मी मीटरवर विश्वास ठेवायला शिकलो. हे आधीच सांगून ठेवतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी पारस म्हणाला, "राजानंदकाका, टेंभुर्णीला एक गाडी पोचती करायची आहे. चलता का?"

घेणारा राधाकिसन निघाला. हा माझ्या ओळखीचा. मी टेंभुर्णीला नोकरीत असताना त्याच्याच बैलगाडीतून आम्ही विजेचे खांब शिवारात नेले होते. त्याच्या वडिलांची मेंढरं होती, त्याचे बैल होते. आता बैल थकले म्हणून गेले आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या अंगदनं, त्याच्या मुलानं, फोनवरच ही गाडी ठरवून टाकली होती.

आम्ही गाडी त्याच्या अंगणात उतरवली. राधाकिसन तिच्याभोवती फिरला, मग खाली वाकला.

"इंजिन कुठाय?"

"इंजिन नाही, बाबा. मोटर चाकातच बसवलेली आहे. मागच्या दोन्ही चाकांत एकेक."

"म्हंजी तुंब्यात?" बैलगाडीच्या चाकाचा मधला लाकडी गड्डा, त्याला तुंबा म्हणतात. राधाकिसननं डाव्या चाकाच्या मधोमध बोटं वाजवून पाहिली. "साखळी न्हाई, पट्टा न्हाई. चाक सोताच वढतंय."

"बिलकुल," पारस म्हणाला.

"मंग ही जोडीच झाली की."

तेवढ्यात त्याची बायको आसराबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीनं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देतात. बैल नव्हते, पण वाटी सवयीनं तयार झाली होती.

"शेठ, गाडीला खांदा कुठं असतो?"

कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये पारसला हे शिकवलेलं नव्हतं. "मडगार्डला लावा," तो म्हणाला.

"मडगार्ड काय वढतंय का?"

आसराबाईंनी दोन्ही चाकांच्या मधोमध बोटं फिरवली. तरी वाटी अर्धी उरलीच. राधाकिसन उकाड्यानं सदरा काढून ओट्यावर बसला होता. "आन् ह्यो तिसरा राह्यला," म्हणत त्यांनी उरलेलं तूप त्याच्या दोन्ही खांद्यांवर चोळलं आणि चाकांना आणि नवऱ्याला मिळून एकदाच म्हणून टाकलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो, कारण पारस अजून मडगार्डकडेच बघत होता.

दिवाळी झाल्यावर पारस म्हणाला, "काका, टेंभुर्णीवाल्यांचा फोन आल्ता."

"काय तक्रार आहे?"

"गाडीची काहीच तक्रार नाही. तेच सांगायला फोन केला म्हणे."

आम्ही गेलो. गाडी लिंबाखाली उभी होती. हौद्यात सोयाबीनचा भुसा, चाकांना वाळलेला चिखल. खूप चाललेली गाडी दिसते तशी दिसत होती. चार्जर घरात कोनाड्यात सापडला. त्याचं प्लॅस्टिक अजून फाडलेलं नव्हतं. मी बॅटरीला मीटर लावला. बॅटरी पूर्ण भरलेली. अशा वेळी मीटर खराब आहे असं म्हणायची आमच्या खात्यात पद्धत होती. मी पारसचा मीटर घेतला. त्यानंही तेच सांगितलं.

"दुसऱ्या कुठल्या चार्जरवर लावत असाल," मी म्हणालो.

"गाडीचं मरू द्या, भाऊ," आसराबाई म्हणाल्या. "ह्यांच्याकडं बघा."

राधाकिसन ओट्यावर बसला होता. मला बघून त्यानं मान हलवली, पण नुसतीच, ओळख दाखवल्यासारखी नाही. वाळला होता. आसराबाईंनी त्याचा सदरा मागून वर केला.

मानेच्या बुडाशी, दोन्ही खांद्यांवर, कातडी जाड आणि काळी पडली होती. केस गेलेले. हात लावला तर टाचेसारखं लागलं. असा खांदा मी पुष्कळ पाहिलेला आहे, पण माणसाला नाही.

"दुखतं का रे?"

"न्हाई," राधाकिसन म्हणाला. "काहीच वाटत न्हाई." शेजाऱ्याच्या खांद्याबद्दल बोलावं तसं बोलला.

"जाफराबादच्या डॉक्टरनं मलम दिलं," आसराबाई म्हणाल्या. "म्हणले, वजं उचलू नका. आता हे उचलतेत कुठं? गाडी भागवत चालवतो, शेजारचा. ह्यांनी दसऱ्यापसून हात लावला न्हाई. हे हितंच बसून राहतेत. पर गाडी माल भरून चढाला लागली की हे हितं घामानं निथळतेत. मी भागवतला इचारलं. टाइम बराबर जुळतो."

"उकाडा असेल," पारस म्हणाला. कार्तिक महिना होता.

काहीतरी करायचं म्हणून पारसनं मागची बाजू जॅकवर उचलली. चाक हातानं फिरवून दाखवलं. निवांत फिरत होतं. "चाकातल्या मोटरीला या तीन वायरी येतात. मोटर चांगली असेल तर तिन्ही एकमेकींना टेकवल्या की चाक जड होतं. ही तिची परीक्षा." त्यानं वायरी टेकवल्या.

चाक अडलं.

राधाकिसनच्या हातात चहाचा कप होता, ओठांपासून थोडा खाली. तो तिथंच राहिला. हात थरथरत नव्हता. डोळे उघडे होते. छातीवरचा सदरा हलायचा थांबला.

पारसनं वायरी सोडवल्या.

राधाकिसन चहा प्यायला.

"पुन्हा करून बघू?" पारसनं मला हळूच विचारलं. मी नको म्हणालो. दुसरा मीटर मागणारा माणूस मी, पण नको म्हणालो.

"चाकच काढून टाकतो मग." त्यानं डाव्या चाकाच्या नटाला पाना लावला आणि जरासा फिरवला. राधाकिसनचा डावा हात मांडीवरून घसरला आणि ओट्याच्या कडेला लोंबत राहिला. त्यानं त्या हाताकडे बघितलं. वळून पुन्हा समोर बघायला लागला.

"शेठ, आवळा ते," आसराबाई म्हणाल्या.

पारसनं नट आवळला. हात मांडीवर आला.

कोंबड्या भुशात चोची मारत होत्या. शेवटी आसराबाईच म्हणाल्या, "गाडी घेऊन जा. खोलू नका, जाळू नका. लांब नेऊन नुसती उभी करा. मला माझा मानूस पायजे."

आम्ही गाडी टेम्पोत घालून जालन्याला आणली आणि पारसच्या गोडाऊनमध्ये, जुन्या कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभी केली.

गुण आला. आसराबाईंचे फोन यायचे. भाकरी खातेत. झोप लागते. अंगदशी फोनवर बोलले. खांद्यावरची कातडी मऊ पडून राह्यली. संक्रांतीला खुद्द राधाकिसन बोलला, आणि मला एक शिवी दिली. फार बरं वाटलं.

"सुटला, काका," पारस म्हणाला. दुकानदाराला उभा माल बघवत नाही. होळीनंतर त्यानं ती गाडी जाफराबादच्या साहेबरावला विकली, घरबांधणीचं सामान विकतो तो. मला कळलं तेव्हा गाडी गेलेली होती. मला वाटलं, सुटलाच असेल.

एप्रिलमध्ये भर दुपारी मी दुकानात बसलो होतो. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आसराबाईंचा फोन आला.

"भाऊ, त्या गाडीत आज काय भरलंय?"

मी पारसकडे बघितलं. आवाज त्यालाही ऐकू गेला होता. त्यानं दुसऱ्या फोनवरून साहेबरावला विचारलं.

"सिमेंट," साहेबराव म्हणाला. खुश होता. "पारसशेठ, गाडी लई भारी दिली राव. चार्जिंगला लावावीच लागत न्हाई. खर्चच न्हाई काही."

"ती मला परत पाहिजे. बदल्यात नवी देतो."

साहेबराव हसला. "येडा समजता का? अशी गाडी कुणी वापस देतं का?"

पारसनं नवीबरोबर आणखी एक देऊ केली. त्यामुळे साहेबरावची उरलीसुरली शंकाही गेली.

खरं काय ते सांगायला हवं होतं. पारसनं फोन माझ्याकडे सरकवला. मी जन्मभर रिपोर्ट लिहिले, पण ते वाक्य कसं सुरू करायचं ते मला कळेना. मी फोन परत सरकवला.

"सिमेंट आहे," मी आसराबाईंना सांगितलं. "आणि तो गाडी देत नाही."

त्या रडल्या नाहीत. मागे कुणीतरी जोरजोरात श्वास घेत होतं.

"मंग येवढं सांगा त्याला. दुपारी सोडत जा म्हणावं. ऊन लई हाये."

पारसनं साहेबरावला सांगितलं, उन्हात मोटर तापते, दुपारची गाडी सावलीत ठेवायची, कंपनीचा नियम आहे.

"बराबर हाये," साहेबराव म्हणाला. "आत्ताच लावतो सावलीला."

पंखा फिरत होता. पारस गादीवरची सुरकुती हातानं सारखी करत बसला.

मग फोन वाजला.

"सोडली वाटतं," आसराबाई म्हणाल्या. "बैलांच्या हौदावर गेलेत. वाकून पानी पिऊन राह्यले."