कमोडोरबाई पाण्यात उतरतात

यारांबा नौकाविहार क्लबाची होडी पाण्यात घालणे, एवढाच त्या मोहिमेचा हेतू होता. अडचण इतकीच होती की यारांबा हे गाव ऑस्ट्रेलियाच्या ऐन वाळवंटात होतं. समुद्र तिथून इतका लांब, की गावातल्या निम्म्या लोकांचा त्याच्यावर विश्वासच नव्हता.

क्लब निघाला तो होडी मिळाली म्हणून. गावच्या सोडतीत पहिलं बक्षीस फ्रीज होता, दुसरं ही लाकडी शिडाची होडी. जिंकणाऱ्याने ती घरी न्यायला साफ नकार दिला, मग गावाने तिच्याभोवती क्लब काढला. दर हिवाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात शर्यती होत. तळ नसलेल्या पत्र्याच्या होड्या कमरेशी धरून खलाशी धावत, आणि एखाद्याचा पाय मुरगळला की तो 'बुडाला' असं जाहीर होई. खरी होडी, 'लेडी ऑलिव्ह', मात्र पत्र्याच्या शेडमध्ये असायची. दर रविवारी तिला पुसायचं, वाळवी लागू नये म्हणून तिचे टेकू तेलाच्या डब्यांत ठेवायचे. तीस वर्षांत तिला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता, आणि क्लबाला याचा मोठा अभिमान होता.

क्लबाच्या प्रमुख, म्हणजे कमोडोर, होत्या व्हर्ना पॅस्को. वय एकाहत्तर. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. गावात त्यांना सगळे कमोडोरबाईच म्हणत. दुकानदार म्हणे, पोलीस म्हणे, पाद्रीबाबाही म्हणत. दफनभूमीतल्या त्यांच्या दगडावर 'कमोडोर' हाच शब्द कोरायचा, हेही क्लबाच्या बैठकीत एकमताने ठरलं होतं. त्या रात्रीपासून बाईंना झोप लागेना. घोट्यापर्यंत पाण्यातसुद्धा कधी न उतरलेल्या बाईच्या दगडावर असलं काही कोरायचं म्हणजे कायमचं खोटं बोलून पडून राहायचं. आणि तेही शेजारी आईवडील असताना!

अशात टपालाच्या विमानाच्या वैमानिकाने वायरलेसवर बातमी दिली. उत्तरेला कुठेतरी धो धो पाऊस झाला होता. ते पाणी कोरड्या नद्यांतून आठवडेच्या आठवडे सरपटत मिरिंका या एरवी कोरड्या, खाऱ्या तळ्यात पोचलं होतं. मिरिंका पिढीतून एकदा भरतं. मागच्या खेपेला बाईंच्या बसमधल्या मुलांची परीक्षा होती आणि मुलांना वाऱ्यावर सोडून जाणं त्यांना जमलं नव्हतं. पुढच्या खेपेला त्या असतील नव्वदीच्या पलीकडे किंवा दगडाखाली.

दुसऱ्याच दिवशी होडी ट्रेलरवर चढली.

मोहिमेत तिघं होते. गाडी चालवायला स्वतः बाई. गाडी मोडली की दुरुस्त करायला त्यांचा धाकटा भाऊ क्लेम. हा दिवसाला चार वाक्यं बोले आणि त्यांतली तीन तक्रारी असत. तिसरा डार्सी, बाईंच्या बसमधून शाळेत गेलेला, आता चाळिशीचा. मिरिंका हा त्याच्या आईच्या लोकांचा मुलूख. त्याच्या ओळखीशिवाय तिथे होडी नेणं म्हणजे कुणाच्या घरात न विचारता पलंगासकट शिरणं.

पहिला दिवस रस्त्याने खाल्ला. तांबड्या मातीवर धुण्याच्या पाटीसारख्या वळ्या पडल्या होत्या, त्यांच्यावरून गाडी अशी थरथरे की क्लेमची कवळी तोंडातल्या तोंडात जागा बदले. दुपारी ट्रेलरच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. क्लेमने मल्गा नावाच्या चिवट झाडाची एक फांदी तोडली, कुंपणाच्या तारेने पाट्याच्या जागी आवळून बांधली आणि हे आता पाट्यापेक्षा जास्त टिकेल असं जाहीर केलं. ते त्याचं चौथं वाक्य होतं. संध्याकाळपर्यंत शांतता होती.

दुसऱ्या दिवशी वाळूच्या टेकड्या लागल्या. एकामागे एक, तांबड्या, नुसत्या लाटाच! टेकडीपलीकडून कोण येतंय ते माथ्यावर पोचेपर्यंत कळत नाही, म्हणून त्या वाटेवर प्रत्येक गाडीला उंच काठी आणि काठीवर नारिंगी झेंडा असतो. यांच्याही गाडीला होता. जेवायला थांबले तेव्हा एक रानटी उंट आला, त्याने झेंडा खाल्ला, काठी मोडली आणि होडीकडे बराच वेळ प्रेमाने बघत उभा राहिला.

झेंड्याशिवाय पुढे जाणं म्हणजे समोरासमोर टक्कर. परत जाणं म्हणजे दोन दिवस फुकट आणि तळ्याचं पाणी तेवढं आटलेलं. बाईंनी होडीकडे पाहिलं.

"डोलकाठी उभी करा," त्या म्हणाल्या. "शीडही लावा. यापेक्षा मोठा झेंडा कुणाकडे आहे?"

लावलं! पांढरंशुभ्र शीड वाऱ्याने फुगलं, गाडीला मागून रेटा मिळाला, आणि 'लेडी ऑलिव्ह' वाळवंटातून शिडावर निघाली. टेकडीमागून टेकडी मागे पडत गेली. एका माथ्यावर समोरून गुरांचा ट्रक आला. चालवणाऱ्या म्हाताऱ्याने वाळूतून वर उगवणारं शीड पाहिलं. मग डोलकाठी. मग होडी. मग टोपी घातलेल्या बाई. त्याने ट्रक कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि डोक्यावरची हॅट काढून छातीशी धरली. बाईंनी तिथल्या रिवाजाप्रमाणे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार केला. नंतर बराच वेळ क्लेम मागे वळून पाहत होता. म्हातारा अजून तसाच उभा होता.

मिरिंकाच्या काठी डार्सीच्या पर्लमावशीचं घर. मावशी दारात स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली होती, पायाशी तीन कुत्री. तिने होडीभोवती एक फेरी मारली, फळ्यांवर बोटं वाजवली आणि खदखदून हसली.

"इतक्या लांबून होडी आणलीस पोरी," ती म्हणाली, "थोडं पाणी पण आणायचं होतंस."

मग चहा झाला. डार्सीच्या गुणांची उजळणी झाली, त्यात बराच वेळ वाचला. शेवटी मावशीने परवानगी दिली, पण अटींवर. इंजिन लावायचं नाही. उत्तरेला पाणपक्षी घरट्यांवर बसलेत, तिकडे जायचं नाही. तिसरी अट तिने डार्सीच्या कानाला धरूनच सांगितली.

"वारा दक्षिणेचा झाला की असशील तिथून परत फिरायचं. हे तळं उथळ आहे. वारा त्याला ढकलत घेऊन जातो. पाणी चालत निघून जातं आणि मागे चिखल राहतो. त्या चिखलात आमची एक गाय गेली होती."

"परत मिळाली?" क्लेमने विचारलं.

"शिंगं मिळाली."

सकाळी तिघं काठावर उभे राहिले. पाणी होतं! आभाळ संपतं तिथपर्यंत नुसतं पाणी, गुलाबी झाक असलेलं, आरशासारखं, आणि मध्यावर एक वठलेलं झाड. क्लबाच्या नियमात लिहिलं होतं, खुणेला वळसा घालून परत आलं तरच ती फेरी ग्राह्य. बाईंनी झाडाकडे बोट दाखवलं. खूण ठरली.

त्यांनी कमोडोरची टोपी सरळ केली आणि होडीत उभ्या राहिल्या. क्लेम आणि डार्सीने ढकललं. 'लेडी ऑलिव्ह' डौलात पुढे सरकली. थोडी आणखी सरकली. मग प्रत्येक फळीच्या प्रत्येक फटीतून पाणी आत आलं, आणि गुडघाभर पाण्यात ती अलगद तळावर जाऊन बसली. बाईंनी सलामीसाठी उचललेला हात तसाच होता.

"आता बुडाली म्हणायचं," क्लेम म्हणाला, "की टेकली?"

बाईंच्या मनात भलतंच चाललं होतं. वडिलांचं पाण्याचं लाकडी पिंप उन्हाळ्यात रिकामं राहिलं की फुटल्यासारखं गळायचं, आणि वडील त्याला शिव्या देत पुन्हा पुन्हा भरत, लाकूड फुगून फटी मिटेपर्यंत. म्हणजे तीस वर्षं होडी शेडमध्ये कोरडी ठेवून क्लबाने... प्रत्येक रविवारी... फडक्याने!

"हिला आम्ही जपून जपून मारली," बाई म्हणाल्या. "राहू दे बुडालेली. पिऊ दे हिला पोटभर."

होडीत दगड भरून तिला तशीच पाण्याखाली सोडली. पण पश्चिमेला ढग जमू लागले होते. पाऊस आला की त्या वाटेची राड होते आणि गाड्या आठवडेच्या आठवडे अडकतात. यांच्याकडे खायला जेमतेम होतं. क्लेमने निक्षून सांगितलं की उद्या दुपारी गाडी निघणार, त्यात बहीण असो वा नसो. बाईंनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी काठावर खुर्ची टाकली आणि बुडालेल्या होडीवर नजर ठेवून बसल्या, आजारी माणसापाशी बसावं तशा.

दुसऱ्या सकाळी दगड काढले, पाणी उपसलं. तिघंही श्वास रोखून फटींकडे बघत राहिले. इथे एक ओघळ. तिथे एक. बस्स, तेवढंच. होडी हलली, उचलली गेली... आणि तरंगली!

बाई चढल्या. पाणी उपसायला डार्सी बादली घेऊन बसला. क्लेमने ढकललं आणि शीड फुगलं.

होडी खरीखुरी चालली! बाईंचे पाय सवयीने आपोआप धावू लागले. डार्सीने घसा खाकरून सांगितलं की कमोडोरबाई, या होडीला तळ आहे, बसलात तरी चालेल. बाई बसल्या. सुकाणू त्यांच्या हाताखाली जिवंत जनावरासारखं धडधडत होतं. तोंडावर खारट तुषार येत होते. दूर उत्तरेला पांढऱ्या पक्ष्यांचा ढग उठे आणि पुन्हा बसे. बुडायची भीती नव्हती. त्या तळ्यात बुडायला आडवं पडावं लागलं असतं. पण बाईंच्या आयुष्यात पहिल्यांदाच चाकांशिवाय काही तरी त्यांचं ऐकत होतं. वठलेलं झाड जवळ आलं, मोठं झालं, त्याच्या सालीवरच्या खपल्याही दिसू लागल्या.

आणि बाईंच्या मानेला गार वारा लागला. मागून. दक्षिणेकडून.

डार्सीने बादली खाली ठेवली. नुसता बाईंकडे बघत राहिला. झाड दगड मारला तर लागेल इतकं जवळ होतं. वळसा घालायला किती लागणार? तो घातला की फेरी ग्राह्य, दगडावरचा शब्द खरा. त्यांनी खाली पाहिलं. झाडाच्या बुंध्यावरची ओली रेघ पाण्याच्या वीतभर वर आली होती.

पाणी निघालं होतं!

बस चालवताना व्हर्ना पॅस्कोने कधी एका मुलाला इजा होऊ दिली नव्हती. आणि हा डार्सी, चाळिशीचा झाला तरी, त्यांच्या बसमधला मुलगा होता.

"शीड उतरव," त्या म्हणाल्या. "परत."

वारा तोंडावर. दोघांनी वल्ही तळावर रोवून रेटायला सुरुवात केली. रेट! पुन्हा रेट! पाणी त्यांच्याशी शर्यत लावून उलट्या दिशेला धावत होतं. होडीचा तळ मध्येच खरडू लागला. ओझं कमी करायला बाई काठावरून पाय टाकून सरळ पाण्यात उतरल्या. मांडीपर्यंत पाणी, तळाला मिठाचा टणक थर. खांदा लावून त्यांनी होडी ढकलली. पाणी गुडघ्यावर आलं, मग पोटरीवर. टणक थर संपला आणि पाय चिखलात रुतला. डार्सीने काखेत हात घालून त्यांना आत ओढून घेतलं, एक बूट तळ्याने ठेवून घेतला. होडी आता हलेना. किनारा समोर दिसत होता आणि मध्ये काळा, चमकणारा, गायी गिळणारा चिखल.

तिकडे क्लेमने गाडी किनाऱ्याला लावली होती. सगळे दोर एकाला एक बांधले. वारा त्याच्या पाठीमागून येत होता. त्याने पाण्याच्या रिकाम्या पिंपाला दोर बांधून ते चिखलावर सोडलं. वाऱ्याने ते लोळवत आणलं. एकदा अडकलं. सुटलं. होडीपासून दोन हातांवर थांबलं. डार्सी शिडाचं कापड चिखलावर पसरून त्यावर पालथा सरपटला आणि दोर घेऊन आला. गाठ बसली. गाडीने गुरगुर केली, दोर ताणला गेला, आणि 'लेडी ऑलिव्ह' चिखलावरून कमोडोर आणि खलाशासह ताठ मानेने किनाऱ्याला लागली.

क्लेमने बहिणीला हात देऊन उतरवलं. वळसा झाला नाही, असं बाईंनी त्याला सांगितलं.

"मी बघत होतो," क्लेम म्हणाला. "वळलीस ना वेळेवर? मग झालं."

पावसाचे पहिले थेंब काचेवर पडले तेव्हा ते वाळूच्या टेकड्या ओलांडून कडक रस्त्याला लागले होते. तिथे कडेला ट्रेलरवर एक भलीमोठी चकचकीत नौका उभी होती. तिच्या गाडीची चाकं भुसभुशीत मातीत आसापर्यंत रुतली होती. त्या रस्त्यावर अडलेल्याला सोडून कुणी पुढे जात नाही. क्लेमने न विचारता दोर सोडला आणि कामाला लागला. नौकेचा मालक दक्षिणेच्या किनाऱ्यावरचा, पन्नाशीचा, निळा कोट घातलेला. त्याने गाडीतल्या एका बुटाच्या बाईंना पाहिलं, मागच्या जुन्या होडीला पाहिलं, आणि सौजन्याने विचारलं की आजी, तुम्ही तळं बघायला गेला होतात का.

डार्सी तोंड उघडणार होता. बाईंनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं.

"पाणी किती खोल आहे हो तिथे?" मालकाने विचारलं. "माझ्या नौकेला बरंच लागतं."

व्हर्नाबाई गाडीतून उतरल्या. त्यांची काळी पँट वाळली होती आणि मांडीवर, एका सरळ रेषेत, मिठाची पांढरी कडा उमटली होती. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि तळहात आडवा करून त्या रेषेवर ठेवला.

"इथपर्यंत," त्या म्हणाल्या.