चातुर्मास आणि पांढरा ट्रे

“ताई, पाण्यात पाय टाकू नका... निदान माझ्या वरच्या बाजूला, प्रवाहात तरी नको.”

दिंडोरीकडच्या ओहोळावर कॉलेजच्या गाडीतून उतरल्या उतरल्या मी फूल वाहून ओंजळीने अर्घ्य देत होते. चातुर्मासातला माझा रोजचा नेमच तो — आधी वाहत्या पाण्याची पूजा, मग चहा. वळून पाहिलं तर खाली गुडघाभर पाण्यात जाळी धरून एक मुलगा उभा. माझ्या पायांनी उठलेला गाळ थेट त्याच्या जाळीत शिरत होता आणि तो रागवायचं सोडून ओशाळं हसत होता.

तो प्रफुल्ल. आमच्याच कॉलेजचा, दुसऱ्या तुकडीतला. पाण्यातले किडे पाहून ओहोळाची तब्येत ओळखायची, हा आमचा प्रकल्प. मॅडमनी त्याच सकाळी आमची जोडी लावून दिली.

त्याने एक दगड उलटला. खाली तीन शेपट्यांचं, किड्याचं इवलंसं पिल्लू चिकटलेलं. ते स्वच्छ पाण्यातच जगतं, तो सांगत होता, वरच्या द्राक्षबागांतलं फवारणीचं पाणी उतरलं की आधी तेच नाहीसं होतं. मी टक लावून पाहत राहिले... म्हणजे, पिल्लाकडे.

मग त्याने स्पिरिटची बाटली उघडली. नमुने त्यात टाकून कॉलेजात न्यायचे आणि मोजायचे. माझा हात मागे आला. चातुर्मासात जाणूनबुजून जीव मारायचा नाही, हाही माझा नेम. मला प्रकल्प सोडावा लागेल, असं मी हळूच सांगितलं.

“आमच्या घरी रोज पंचशील म्हणतात,” तो म्हणाला. “पहिलं शील हेच. मी तोंडाने म्हणायचो आणि हाताने बाटली भरायचो.”

त्याने बूच लावून टाकलं.

पुढच्या रविवारी तो आईच्या स्वयंपाकघरातला पांढरा ट्रे घेऊन आला. जीव त्यात भिंगाखाली जिवंतच मोजायचे, फोटो काढायचे आणि उचलले तिथेच सोडायचे. वेळ दुप्पट लागणार म्हणून मॅडम कुरकुरल्या, पण हो म्हणाल्या. त्या दुप्पट वेळेसाठी मी देवाचे किती आभार मानले, ते देवालाच ठाऊक. आता आधी त्याची जाळी, मग खालच्या अंगाला माझी पूजा. तोवर मला चहा चालत नसे, म्हणून तोही आपला थर्मास उघडत नसे.

कार्तिकी झाली, नेम संपला. प्रकल्पाचीही शेवटची सकाळ आली. ट्रेमध्ये तीन शेपट्यांची पिल्लं वळवळत होती, पाणी चांगलं होतं. पुढच्या रविवारी कुठल्या निमित्ताने यायचं?

“आता तुला बाटल्या चालतील की,” तो म्हणाला.

“नाही चालणार.”

“बरं झालं.” त्याने ट्रे अलगद पाण्यात कलंडवला. पिल्लं दगडांखाली दिसेनाशी झाली तरी तो तिकडेच पाहत होता. “योगिनी, मला एक शब्द परत घ्यायचाय. पहिल्या दिवशी मी तुला... ताई म्हणालो होतो.”

“इतके दिवस लागले?” माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. “मी तर त्याच दिवशी पाण्यात सोडून दिला होता.”

नेम संपला होता, तरी मी ओहोळाला हात जोडले. शेजारी त्यानेही जोडले. मग त्याने थर्मास उघडला. झाकण एकच होतं... आधी त्याने माझ्यापुढे धरलं.