बेर्नादीतच्या हाताची चव

वसईजवळच्या करवंदआळीत त्या वर्षी म्हशींपेक्षा पिंपं जास्त झाली होती. ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात, फ्रीजच्या शेजारी, गुडघ्याएवढं एक पांढरं पिंप बसलेलं असायचं आणि त्याच्या झाकणावरच्या वाकड्या नळीतून सारखे बुडबुडे निघायचे, गुडुक, गुडुक. घरच्यापुरती बिअर घरी करायला सरकारनं मोकळीक दिली आणि पुण्याच्या एका कंपनीनं लगोलग पेल एलचा संच बाजारात आणला. पेल एल म्हणजे फिकट सोनेरी, जराशी कडसर बिअर. संचात एका डब्यात माल्टचा घट्ट पाक, पुडीत हॉप्सची वाळकी फुलं आणि चपट्या पाकिटात खमीर. सगळी करामत त्या खमिरात होती.

बाटल्या उघडायचा दिवस रविवार, चर्चमधली मिस्सा सुटल्यावर. कोपऱ्यावरच्या घरातल्या सांतानच्या बाटलीचं बूच उडून माडावर गेलं आणि दोन नारळ घेऊन खाली आलं, हे आळीतली माणसं शपथेवर सांगतात. पिंपाच्या तळचा गाळ खाऊन आळीतले कावळे महिनाभर सुरात ओरडत होते, हे मात्र सगळ्यांना पटत नाही.

बेर्नादीत तुस्कानोनं संच आणला तो काही बिअरच्या आवडीनं नव्हे. ब्रिजीतनं आणला, म्हणून आणला. ब्रिजीत तिची धाकटी जाऊ. दोघींची घरं एकाच केळीच्या वाडीत, मध्ये फक्त विहीर. ब्रिजीत नवरी होऊन त्या वाडीत आली आणि त्याच दिवशी बेर्नादीतच्या पोटात जो निखारा पडला, तो काही विझला नाही. ब्रिजीतचा आवाज गोड, चर्चच्या गायनात ती कायम पुढच्या ओळीत. ब्रिजीतचे केस साठीतही काळेभोर. हे एक वेळ सोडून देता आलं असतं. पण ब्रिजीतच्या हाताला चव होती. तिनं नुसतं मीठ घालून बोंबील उकडले तरी माणसं ताट पुसून खायची. बेर्नादीतचा मासा तोच, बाटली मसाला तोच, आणि कालवण मात्र सणाच्या दिवशीसुद्धा टोपात उरायचं. सासूचं अंथरुणातलं सगळं बेर्नादीतनं केलं, आणि शेवटच्या दिवशी म्हातारीनं काय मागावं, तर ब्रिजीतच्या हातची पेज.

तर बेर्नादीतनं संच ओट्यावर मांडला. पिंपाच्या झाकणात एक बोलणारी बाई होती, पुण्याच्या स्वच्छ बोलण्याची. झाकणातली बाई म्हणाली, पाक कोमट पाण्यात ओता, खमीर टाका, मग हात साबणाशिवाय नुसत्या पाण्यानं धुवा आणि कोपरापर्यंत आत घालून ढवळा. बेर्नादीतनं तिला विचारलं, ढवळायचा डाव कुठे गेला.

"डावाला घाम येत नाही," झाकणातली बाई म्हणाली.

त्या खमिराचं नावच हातखमीर. शास्त्रज्ञांनी त्याच्या पेशींना वास घ्यायला शिकवलं होतं. माणसाच्या तळव्याला घाम सुटतो, आणि मनात जे चाललेलं असेल त्याप्रमाणे त्या घामातली द्रव्यं बदलतात. घाबरलेल्याची वेगळी, झोपाळलेल्याची वेगळी. हातखमीर ती द्रव्यं ओळखायचं आणि साखरेची दारू करता करता आपले गंध त्याप्रमाणे बदलायचं. दुसऱ्या जंतूंना ते पिंपात टिकूच देत नसे, म्हणून साबणाचं काम नव्हतं. अमुकीच्या हाताला चव आहे असं बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या. कंपनीनं तेच पाकिटात भरून विकायला काढलं.

बेर्नादीतनं हात आत घातला आणि नेमकं तेव्हाच विहिरीपलीकडून गाणं ऐकू आलं. ब्रिजीत गात गात ढवळत होती. बेर्नादीत दात आवळून ढवळत राहिली.

खमिरानं आपलं काम केलं, बाटल्या भरल्या, मुरल्या, रविवार आला. आधी ब्रिजीतची एल फिरली. हलकी, मधासारखी, सगळ्यांनी मान डोलावली. मग केवळ रीत म्हणून बेर्नादीतची बाटली उघडली, आणि अंगणात बोलणंच थांबलं. पहिला घोट मोसंबीची साल चावल्यासारखा कडू. मग लिंबाचं पान चुरगळल्यासारखा वास थेट कपाळापर्यंत चढायचा. आणि गिळल्याबरोबर घसा पुन्हा मागायला लागायचा. तिच्या नवऱ्यानं, इनासनं, लग्न झाल्यापासून तिच्या हातच्या कशालाही बरं म्हटलं नव्हतं. त्यानं ग्लास रिकामा केला आणि आत नाक घालून बसला. मिस्सा सांगून दमलेले फादर काही न पिताच घरी जायचे होते, ते दुपारचं जेवण विसरले.

नणंद ओडील तिथेच होती. तिच्या मुलीचं, लिनेटचं लग्न ठरलेलं. ओडीलनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की मांडवात फिरेल ती बेर्नादीतचीच एल, दुसरी कुणाची नाही. बेर्नादीतच्या हातचं काही लग्नात मागितलं गेलं नव्हतं, कधीच. ती घरात गेली आणि उगाचच एक स्वच्छ टोप पुन्हा घासत बसली, कारण तोंडावरचं हसू आवरत नव्हतं.

ब्रिजीत मागोमाग आत आली, रिकामा ग्लास घेऊन. "वहिनी, हाताला चव आली हो तुमच्या," ती मनापासून म्हणाली.

आली म्हणे. बेर्नादीतनं टोप आणखी जोरात घासला.

पिंपं आपली खबर आपणच कंपनीला कळवत असत. त्यामुळे काही दिवसांनी पुण्याहून टिपणीस नावाच्या शास्त्रज्ञ बाई आल्या. त्यांच्याजवळ इस्त्रीएवढं एक यंत्रनाक होतं. त्यांनी ते बेर्नादीतच्या तळव्यावरून फिरवलं, आकडे पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा फिरवलं. मग त्यांनी विचारलं की ढवळताना तुम्ही मनात काय आणता. बेर्नादीत म्हणाली, नमो मरियाची प्रार्थना म्हणते. यंत्रनाकाचा हिरवा दिवा तांबडा झाला. इनास खोकल्याचं निमित्त करून हसला.

"हे द्रव्य आम्हाला आजवर थेंबाथेंबानं सापडलंय," टिपणीस बाई म्हणाल्या. "बक्षीस दुसऱ्याला मिळालं की हरलेल्याच्या तळव्यावर येतं आणि थोड्या वेळात उडून जातं. तुमच्या हातात ते मुरलंय."

"पण आहे काय ते?" इनासनं विचारलं.

"शास्त्रातलं नाव लांबलचक आहे. घरात आपण हेवा म्हणतो."

नंतर बाई बरंच काही बोलल्या. असं कडूपण त्यांना प्रयोगशाळेत कधी करता आलं नव्हतं, कंपनी आता बेर्नादीतला संच फुकट पाठवील, त्यांचं मागणं एवढंच की जे काही मनात चाललंय ते तसंच चालू राहू द्यावं, कोणाशी गोडीबिडी करू नये. बेर्नादीतला धड ऐकू आलं नाही. तिचे कान तापले होते. बाई गेल्यावर तिनं इनासला बायबलवर हात ठेवायला लावून वचन घेतलं की हे कुठे बोलायचं नाही. इनासनं वचन पाळलं. त्यानं फक्त मासेवाल्याला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत आळीला कळलं. बेर्नादीतला ते लोकांच्या जास्तीच्या प्रेमावरून समजलं. जो तो तब्येत विचारायचा आणि विहिरीपलीकडे बघायचा. ओडीलचा निरोप आला की लग्नाचं ठरल्याप्रमाणेच आहे, वहिनीनं काळजी करू नये. निरोप आणणाऱ्या बाईच्या ओठांना मुरड पडली होती. ब्रिजीत मात्र त्या दिवसापासून पाणी भरायला विहिरीवर आलीच नाही.

बेर्नादीतनं लग्नासाठी मोठं पिंप मागवलं आणि हात घातला. विहिरीकडे बघितलं. ब्रिजीतचा आवाज आठवला, केस आठवले, सासूची पेज आठवली. आणि पेटण्याऐवजी तिला नुसती लाज वाटली. खमिराला लाजेचं काय करायचं ते कळलं नसावं. आठवड्यानं तिनं तोटीतून चाखून पाहिली, तर भांडी विसळलेल्या पाण्यासारखी. इनासनंही चाखली आणि तो म्हणाला की बरी आहे. तेव्हा तिला खात्रीच पटली.

लग्नाआधी आता एकच पिंप मुरण्याइतका वेळ उरला होता. हेही बिघडलं तर मांडवात फिरणार ब्रिजीतची मधासारखी एल, आणि करवंदआळी पुढची तीस वर्षं सांगणार की बेर्नादीतच्या हाताला एकदा चव आली होती, चुकून.

म्हणून ती पदर खोचून ब्रिजीतच्या घरी गेली. बोलायला नव्हे, बघायला. नवे पडदे बघितले. काचेचं कपाट बघितलं. मुलाचा लिस्बनमधल्या घरासमोरचा फोटो बघितला, समुद्रासकट. पोटात काही हललं नाही. ती फोटोसमोरून हलेना, तेव्हा ब्रिजीतनं चुलीवरचं कालवण उतरवलं, हात पुसले आणि तिच्याकडे जरा वेळ बघितलं. ही कशाला आलीय ते तिला कळलं असावं.

"मुलानं दुसरंही घर घेतलं," ब्रिजीत एकदम म्हणाली. "याच्यापेक्षा मोठं. आणि परवा डॉक्टर म्हणाले, तुमचं हृदय पंचविशीतल्या पोरीचं आहे." तिनं पुसलेले हात पुन्हा पुसले. "आणि मला रोमला बोलावलंय. गायला. विमानात दोन खुर्च्या देणारेत, एक माझी आणि एक आवाजाची."

बेर्नादीतनं तिच्याकडे पाहिलं. ब्रिजीतची नजर जमिनीवर होती आणि कान लाल झाले होते. जन्मात बढाई मारली नव्हती बिचारीनं, ती कशी मारतात तेही तिला ठाऊक नव्हतं.

"अगं, खोटं बोलतेस तू."

"हो," ब्रिजीत म्हणाली. "पण उपयोग होतोय का?"

बेर्नादीत तिथून निघाली. केळींमधून येताना तिच्या डोक्यात एकच चक्र फिरत होतं. हिला सगळं कळलंय. चाळीस वर्षं मी हिच्यावर जळतेय हे साऱ्या आळीसमोर उघडं पडलं, हिला मनसोक्त हसता आलं असतं. नाहीतर गप्प राहून लग्नात स्वतःची एल फिरवता आली असती. त्याऐवजी माझं पिंप साधावं म्हणून ही बया स्वतःला खोटं पाडून घेतेय. मी असते तिच्या जागी, तर केलं असतं का हे? विहिरीपाशी येईतो तिला उत्तर मिळालं होतं. नसतं केलं. म्हणजे गळा तिचा, केस तिचे, हात तिचा, आणि आता मनाचा मोठेपणासुद्धा तिचाच. निदान एवढं तरी माझ्या वाटणीला ठेवायचं होतं.

आणि निखारा असा भडकला की घरात शिरेपर्यंत तिचे दोन्ही तळवे निथळत होते. तिनं पाक ओतला, खमीर टाकलं आणि एक सोडून दोन्ही हात पिंपात घातले.

त्या पिंपाचे बुडबुडे इतके मोठ्यानं वाजायला लागले की शेजारचे दोनदा येऊन सांगून गेले, तुमचा पाण्याचा पंप चालू राहिलाय. फेस नळीतून वर येऊन फ्रीजवर चढला. झाकणातली पुण्याची बाई पहिल्यांदाच अडखळली आणि म्हणाली की असा गंध नोंदीत नाही, आपण नक्की काय घातलंत ते कृपया सांगावं. बेर्नादीतनं तिच्यावर फडकं टाकलं.

लिनेटच्या लग्नाला जे होते ते त्या एलबद्दल अजून आवाज खाली करून बोलतात. मोसंबीची साल होती, लिंबाचं पान होतं, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं ज्याला कोणाला नाव देता येईना. फक्त एक गंमत झाली. पिणाऱ्या प्रत्येकाला वाटायला लागलं की शेजारच्याच्या ग्लासात आपल्यापेक्षा जास्त आहे. लोक आपापसात ग्लास बदलायला लागले, पुन्हा बदलायला लागले. नवरदेवानं नवरीचा ग्लास घेतला, नवरीनं सासऱ्यांचा. बॅण्डवाल्यांनी वाद्यं एकमेकांना दिली आणि आधीपेक्षा बरी वाजवली म्हणे. टिपणीस बाई मांडवाच्या टोकाला यंत्रनाक घेऊन उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या. थोड्या वेळानं त्यांनी ते बंद करून पिशवीत टाकलं.

मांडवभर बेर्नादीतच्या नावानं हाका चालल्या होत्या. अजून द्या, वहिनी, मावशी, बेर्नादीतबाय, अजून आहे का. ती मधोमध खुर्चीत बसली होती आणि माणसांच्या एवढ्या मोठ्या मेळ्यात पहिल्यांदाच तिला आपले हात कुठे लपवावेसे वाटत नव्हते.

ब्रिजीत येऊन शेजारी बसली. तिनं एक घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "वहिनी, एक विचारू? लोक काय म्हणतात ते मला कळतं. पण मला खरंच समजत नाही. माझ्याजवळ असं आहे तरी काय?"

ती मस्करी करत नव्हती. तिला खरोखर ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं विहिरीपलीकडे राहून तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्या एका बाईनं तिच्यातलं बारीकसारीक सगळं पाहून ठेवलं होतं, ती तर शेजारी बसली होती. बेर्नादीतच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. ते बोलून टाकलं, की पोटातलं सगळं मोकळं होणार हेही तिला कळत होतं. मग पुढचं पिंप भांडी विसळलेल्या पाण्यासारखं, आणि त्याच्या पुढचंही. नाही बोलली, तर ब्रिजीत हा ग्लास संपवून उठून जाणार, आणि पुन्हा विचारणार नाही.

मागून ओडीलनं हाक मारली, पुढच्या महिन्यात आणखी एक लग्न आहे, एलचं विचारतायत, हो म्हणून सांगू का?

ब्रिजीत अजून तिच्या तोंडाकडे बघत होती. दोघी थांबल्या होत्या, आणि बेर्नादीतला कळत नव्हतं, आधी कुणाला उत्तर द्यावं?